मैदान कुणाच्या मालकीचं?

कोल्हापुरात दोन तालमींचा फुटबॉल सामना नुसता चुरशीचा नसतो, ईर्षेचा असतो. पाटाकडील विरुद्ध शिवाजी, दिलबहार विरुद्ध प्रॅक्टिस, नावं कुठलीही घ्या. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून लहानपणी मी जे काही शिकलो त्यात एक गोष्ट पक्की आहे, की ईर्षा एका सामन्यात लागत नाही. तिला आठवण लागते. गेल्या खेपेला त्यांच्या डाव्या विंगच्या पोरानं आपल्याला पळवलं होतं, यंदा त्याच्यावर कुणाला सोडायचं याची चर्चा पेठेतल्या कट्ट्यावर महिनाभर आधीच सुरू होते. ही चर्चा चालू आहे हे समोरच्यांनाही ठाऊक असतं, म्हणून ते त्या पोराला यंदा उजवीकडे उतरवतात. समोरचा माझ्याबद्दल काय विचार करत असेल, याचा विचार करून मी आधीच जागा बदलतो. डावपेचांचं मूळ एवढंच.

गेल्या पावसाळ्यात ही ईर्षा मला भलत्याच ठिकाणी भेटली: राजारामपुरीतल्या एका गेमिंग कॅफेत. भाचा बारावीत आहे, त्यामुळे तो शनिवारी संध्याकाळी नेमका कुठं जातो हे बघायची कामगिरी बहिणीनं माझ्यावर सोपवली होती. गेलो तर चार खुर्च्या, एक मोठा टीव्ही, चार कंट्रोलर. दोघं विरुद्ध दोघं. पडद्यावर प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू, पण एका वेळी त्यांतले दोनच माणसांच्या हातात. बाकीचे नऊ कॉम्प्युटर चालवतो. आपल्यापैकी कुणाला हातात घ्यायचं आणि कुणाला यंत्रावर सोडायचं, ही या खेळातली खरी मेख. मैदानावरच्या फुटबॉलमध्ये असला प्रश्न कुठल्याच प्रशिक्षकाला पडत नाही.

भाच्याची जोडी खोलवर बसून खेळणारी. मागे पाच जण, पुढे उंच एकच स्ट्रायकर, चेंडू खुशाल समोरच्याला देऊन टाकायचा आणि वाट बघायची. समोर एक शाहूपुरीचा आणि एक कसबा बावड्याचा पोरगा. ते बचावाची ओळ पार मध्यरेषेपर्यंत वर आणायचे आणि चेंडू गेला रे गेला की अंगावर धावून यायचे. पहिल्या शनिवारी भाच्याची जोडी ४-१ अशी हरली. पुढच्या शनिवारपर्यंत भाच्यानं एक गोष्ट हेरली होती. ही दोघं प्रत्येक वेळी विंगवरून गोलरेषेपर्यंत जातात आणि तिथून चेंडू मागे कट करतात. मग त्यानं चेंडूजवळचा बचावपटू हातात घेणंच सोडून दिलं. तो यंत्रावर, आणि स्वतः मधल्या फळीतला माणूस धरून पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी उभा. कट केलेला चेंडू जिथं यायचा तिथं हा आधीच हजर. १-० जिंकले. तिसऱ्या शनिवारी बावड्याच्या पोरानं कट करणंच थांबवलं. गोलरेषेपाशी चेंडू पायाखाली धरून तो नुसता उभा राहायचा. दोन सेकंद, तीन सेकंद. भाच्याचा जीव वर-खाली. शेवटी त्याचा धीर सुटून मधला माणूस बाहेर आला की बावडेकर दुसऱ्या खांबाकडे चेंडू अलगद उचलून टाकायचा. २-२. या तीन आठवड्यांत भाच्याच्या फिजिक्सच्या वहीत प्रकाशकिरणांपेक्षा बाणांच्या आकृत्या जास्त झाल्या होत्या. (हे मी बहिणीला सांगितलेलं नाही.)

चौथ्या शनिवारच्या आधी, मधल्याच वारी, गेमला अपडेट आला. यंत्राच्या ताब्यातल्या बचावपटूंचं आपोआप आडवं येणं कमी करून टाकलंय, असं पोरांचं म्हणणं. कुठला गेम ते सांगत नाही, कारण सगळ्यांची तऱ्हा तीच. भाच्याची जोडी ५-० अशी हरली.

"मामा, आमचं काय चुकलं न्हाई," घरी येताना तो म्हणाला. "तेन्नी बी काय नवीन केलं न्हाई. गेमच बदलला."

मला जास्त लक्षात राहिला तो जिंकलेला बावड्याचा पोरगा. पाच गोल करून तो गप्प बसून होता. गोलरेषेपाशी तीन सेकंद थांबायची त्याची युक्ती आता लागणारच नव्हती. नुसतं धडक मारत गेलं तरी वाट मिळत होती. समोरच्याला डोक्यानं हरवल्याचा आनंद वेगळा असतो, आणि तो त्याला त्या दिवशी मिळाला नव्हता.

आता हा चार पोरांच्या शनिवारचा प्रश्न असता तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. पण खुर्चीत बसून बटणं दाबण्याला खेळ म्हणायचं का, हा जुना वाद आपण निदान कागदावर तरी मिटवून टाकलेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं बहुक्रीडा स्पर्धांमधला ई-स्पोर्ट्स हा विषय युवक व क्रीडा मंत्रालयाकडे दिला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती आणि आभासी फुटबॉलमध्ये आपले खेळाडू उतरले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्यानं बंदी आणली, आणि त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला खेळाचा दर्जा देऊन त्याची व्याख्याही केली. त्या व्याख्येतल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, स्पर्धा पूर्वनिर्धारित नियमांनी चालली पाहिजे. दोन, निकाल केवळ शारीरिक चपळाई, बौद्धिक तल्लखपणा, डावपेच अशा खेळाडूच्या कौशल्यावरच ठरला पाहिजे.

पूर्वनिर्धारित. ठीक. पण कुणी निर्धारित केलेले, किती पूर्वी, आणि ते वाचायला कुठं मिळतात? माझं म्हणणं असं की, जोवर या तिन्हींची उत्तरं सरकार आणि संघटना मागत नाहीत, तोवर आभासी फुटबॉलमध्ये दोन संघांची डावपेचांची लढत ही खरी लढतच नव्हे. दोघंही तिसऱ्याच्या अंगणात खेळताहेत, आणि तो रात्रीतून अंगणाचा उतार बदलू शकतो.

यावर गेमिंगवाल्या मित्रांचं उत्तर ठरलेलं आहे: नियम तर खऱ्या फुटबॉलमध्येही बदलतात की. बदलतात, आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मीच देतो. १९२५ पर्यंत ऑफसाइड न ठरण्यासाठी आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत. त्या वर्षी तीनाचे दोन केले. इंग्लंडच्या पहिल्या विभागात आदल्या मोसमात १,१९२ गोल झाले होते, पुढच्या मोसमात १,७०३. ऑक्टोबरमध्ये लंडनचा आर्सेनल क्लब न्यूकॅसलला जाऊन ०-७ असा मार खाऊन आला. त्यानंतर आर्सेनलचा खेळाडू चार्ली बुकननं आपला आग्रह पुन्हा मांडला की मधल्या हाफला मागे घेऊन दोन बॅकच्या मध्ये उभा करा, आणि संघाचा व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमननं तो मानला. तिथून पुढे इंग्रजी डब्ल्यू आणि एम या अक्षरांच्या आकाराची ती प्रसिद्ध रचना घडत गेली आणि १९३० च्या दशकात आर्सेनलनं लीग गाजवली. नियम बदलल्यामुळे डावपेच वाढीस लागले याचा याहून चांगला दाखला नाही.

पण तो बदल झाला कसा ते बघा. फुटबॉलचे नियम इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड ही संस्था ठरवते, १८८६ पासून. आज तिथं ब्रिटनच्या चार संघटनांची प्रत्येकी एक आणि फिफा या जागतिक संघटनेची चार अशी आठ मतं आहेत, आणि बदलाला सहा मतं लागतात. म्हणजे एकट्या फिफाच्या मनात आलं म्हणून काही होत नाही, आणि एकट्या इंग्लंडच्या मनात आलं म्हणूनही नाही. वर्षाच्या सुरुवातीला सभा, निर्णय छापून जाहीर, अंमल उन्हाळ्यात, नव्या मोसमाच्या तोंडावर. चॅपमनला न्यूकॅसलची नाचक्की पचवून विचार करायला आख्खा मोसम पुढे पडला होता, आणि त्यानं शोधलेलं उत्तर पुढच्या बुधवारी कुणी हिरावून नेणार नव्हतं.

याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती जास्त खोल आहे. गवतावरच्या फुटबॉलमध्ये नियम बोर्डाचे असले तरी वारा कुणाचाच नाही. चेंडू किती वळतो, दमलेला माणूस किती मंदावतो, अंगाला लागून उडालेला चेंडू कुणाकडे जातो, हे ठरवणारा कुणी माणूस नाही. आभासी फुटबॉलमध्ये हेही कुणीतरी लिहिलेलं असतं. गुरुत्वाकर्षणसुद्धा कंपनीचं. २०२२ साली आलेल्या 'फिफा २३' या गेममध्ये तो बनवणाऱ्या ईए कंपनीनं खेळाडूंच्या धावण्याचे तीन प्रकार पाडले: झटक्यात वेग घेणारे, मधले, आणि लांब टांगांचे सावकाश वेग पकडून शेवटी भारी पडणारे. झालं, महिन्याभरात जगभरचे सराईत खेळाडू व्हॅन डाइकसारखे उंच बचावपटू शोधायला लागले, कारण लांब पल्ल्यात ते चपळ विंगरांनाही गाठायचे. खऱ्या मैदानावर असा निसर्गनियम नाही. पुढच्या वर्षीच्या गेममध्ये तीनाचे सात प्रकार झाले. त्याच्या पुढच्या वर्षी डावपेच मांडायची पद्धतच बदलली, जुने आकडे गेले आणि प्रत्येक खेळाडूला भूमिका नेमून द्यायची नवी रीत आली. दर सप्टेंबरला गेल्या वर्षीची डावपेचांची वही रद्दीत. पोरांच्या तोंडी यासाठी 'मेटा' असा शब्द आहे: या घडीला गेममध्ये जे सगळ्यात जास्त चालतं ते. मेटा समोरच्या संघाला हरवून घडत नाही, कंपनीच्या मनात काय आहे ते ओळखून घडतो. हुशारी त्यातही लागते, नाही असं नाही. पण ती परीक्षेला कुठला प्रश्न येणार हे ताडणाऱ्या विद्यार्थ्याची हुशारी झाली.

आणि तरीही या खेळात खरी झुंज होते, हे मी मान्य करतो. २०१९ चा फिफाचा ई-विश्वचषक, म्हणजे आभासी फुटबॉलचा विश्वचषक, लंडनच्या ओ-टू सभागृहात झाला. अंतिम सामन्यात एका बाजूला सौदी अरेबियाचा मुसैद अल-दोसरी, आदल्याच वर्षीचा विजेता. दुसऱ्या बाजूला जर्मनीचा मोहम्मद हरकूस, वेर्डर ब्रेमेन क्लबचा, 'मोऔबा' या नावानं खेळणारा. बक्षीस अडीच लाख डॉलर. अल-दोसरीचा हात एक्सबॉक्सवर बसलेला, हरकूसचा प्लेस्टेशनवर; टीव्हीला जोडून गेम खेळायची ही दोन वेगळी यंत्रं, म्हणजे कन्सोल. बाहेरच्या माणसाला हा फरक हास्यास्पद वाटेल, पण कंट्रोलरची पकड आणि काड्यांची जागा बदलली की सवयीनं चालणारी बोटं अडखळतात; डाव्या हातानं जेवायला बसवल्यासारखं होतं. आयोजकांनी तोडगा काढला होता तो आपल्या गावाकडच्यासारखाच: एक सामना तुझ्या अंगणात, एक माझ्या. एक्सबॉक्सवर १-१. म्हणजे हरकूसनं परक्या यंत्रावर लढत बरोबरीत राखली, आणि मग स्वतःच्या यंत्रावर २-१ नं विश्वचषक नेला. पहिल्या सामन्यात काय वाचवायचं आणि दुसऱ्यात काय उधळायचं याचा हा हिशेब कुठल्याही बाहेरगावच्या सामन्याला निघालेल्या प्रशिक्षकाच्या ओळखीचा आहे. यंत्राचा फरक दोघांना आधीपासून माहीत होता, म्हणून त्याभोवती डावपेच रचता आले. फरक सामन्याच्या आदल्या रात्री कळला असता तर नुसती सोडत झाली असती.

याच हरकूसचा क्लब त्याच वर्षी जर्मनीत आणखी एक स्पर्धा जिंकला होता, आणि मला ती विश्वचषकाहून अधिक बोलकी वाटते. बुंडेसलीगा ही तिथली अव्वल फुटबॉल लीग चालवणाऱ्या संस्थेनं २०१८-१९ मध्ये क्लबांसाठी आभासी बुंडेसलीगा सुरू केली. २२ क्लब उतरले. प्रत्येक लढतीत एक सामना एक्सबॉक्सवर, एक प्लेस्टेशनवर आणि एक दोघं विरुद्ध दोघं. आणि मुख्य अट अशी, की पडद्यावरच्या प्रत्येक खेळाडूचं मूल्यांकन सारखंच, ८५. बायर्नचा स्ट्रायकरही ८५ आणि तळच्या क्लबचा बॅकही ८५. म्हणजे क्लब किती श्रीमंत हा मुद्दाच उरला नाही, राहिली ती हाताची आणि डोक्याची करामत. गेम ईएचाच होता. पण आयोजकानं अट घातली आणि ती चालली. कंपन्या कुणाचं ऐकत नाहीत असं जे सर्रास म्हटलं जातं, त्याला हे उत्तर आहे. ऐकवणारा भारी असला तर ऐकतात.

हे सांगायचं कारण असं की जागतिक पातळीवरच्या वैयक्तिक स्पर्धा वर्षानुवर्षं 'अल्टिमेट टीम' या प्रकारावर खेळवल्या गेल्या. त्यात संघ जमवायचा तो पाकिटं फोडून. लहानपणी च्युइंगगमच्या वेष्टनात क्रिकेटपटूंची चित्रं निघायची, तसं. फरक इतकाच की इथं आत निघणाऱ्या चित्रावर सामना खेळायचा असतो. पाकिटं खेळून मिळवता येतात आणि पैसे मोजूनही. बेल्जियमनं २०१८ मध्ये असल्या नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये ईएनं तिथं पाकिटांसाठीचे पॉइंट विकणं थांबवलं. नेदरलँड्समध्ये नियामकानं एक कोटी युरोंचा दंड लावला, पण मार्च २०२२ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायपीठानं तो रद्द केला. शेजारी-शेजारी असलेल्या दोन देशांची ही दोन टोकं. आपल्या कायद्यानं पैज लावण्यावर बोट ठेवलं आहे. पाकीट विकत घेणं ही पैज नाही असा युक्तिवाद कुणीही वकील सहज करेल. पण व्याख्येतल्या त्या 'केवळ'चं काय? निकाल केवळ कौशल्यावर ठरायला हवा असेल तर पाकिटातून निघालेला संघ घेऊन उतरणं त्या व्याख्येत बसत नाही, निदान मला तरी बसवता येत नाही. पदकाच्या, सरकारी मान्यतेच्या, शाळा-कॉलेजच्या कुठल्याही स्पर्धेत सरसकट समान मूल्यांकनाचीच पद्धत हवी. जर्मनीनं करून दाखवलेलं आहे, नव्यानं शोध लावायचा नाही.

मालकीचा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो हे २०२३ मध्ये दिसलं. फिफा आणि ईए यांची जवळपास तीस वर्षांची सोयरीक नावाच्या हक्काच्या पैशांवरून तुटली. फिफा २३ हा त्या नावाचा शेवटचा गेम. ईएनं आपला गेम वेगळ्या नावानं पुढे चालू ठेवला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये रियाधला फिफाचा ई-विश्वचषक झाला तो कोनामी या दुसऱ्याच कंपनीच्या ई-फुटबॉल या गेमवर. कन्सोलवरच्या स्पर्धेत इंडोनेशिया जिंकला. त्यांचं कौतुकच आहे, तिथं हा गेम पोरांनी मनापासून खेळलेला. पण ज्यांनी दहा-दहा वर्षं एका गेमवर बोटं झिजवली त्यांच्या हातातलं कसब एका करारानिशी निकामी झालं. विश्वचषक तोच, आयोजक तोच, आणि मैदान मात्र आख्खंच्या आख्खं दुसरं.

कुस्तीच्या गावातल्या माणसाला इथं माती आणि गादी आठवल्याशिवाय राहत नाही. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले तेव्हा मातीत घडलेला तो पैलवान पहिल्यांदाच गादीवर खेळत होता. सहावे आले. परत येऊन त्यांनी गादीचा अंदाज घेतला, सराव केला, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण तिच्यात एक साधी अट दडलेली आहे जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. १९४८ ची गादी १९५२ लाही गादीच होती. चार वर्षं एखाद्या गोष्टीमागे लागायचं तर ती गोष्ट चार वर्षं जागेवर असावी लागते.

आता आपल्या चरणजोत सिंगचं बघा. २०२२ मध्ये भारत पहिल्यांदा फिफाच्या ई-नेशन्स कपला पात्र ठरला, तेव्हा कोपनहेगनला गेलेल्या संघात तो होता. तिथला गेम कन्सोलवरचा फिफा २२. पुढच्याच वर्षी हांगझोऊत आशियाई स्पर्धेला तो उतरला, तर तिथं एफसी ऑनलाइन: कंपनी तीच, पण गेम वेगळा, कॉम्प्युटरवरचा, ज्याचा खरा बोलबाला कोरिया, चीन, थायलंड, व्हिएतनाम या पट्ट्यात. आपली पोरं त्यावर वाढलेली नाहीत. हरलो याची मला खंत नाही, हरणं खेळात असतंच. पण लंडनहून परतलेल्या खाशाबांना निदान गादी शोधायची होती. या पोरानं पुढची चार वर्षं नेमका कशाचा सराव करायचा?

मग करायचं काय? मला विचाराल तर सगळ्यात आधी आवृत्ती गोठवायची. स्पर्धेची पात्रता फेरी ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी गेमची जी आवृत्ती असेल तीच अंतिम सामन्यापर्यंत. कंपनीचा यावर आक्षेप असा असतो की चुका दुरुस्त कराव्या लागतात, आणि कोट्यवधी साध्या खेळणाऱ्यांना रोज नवं काही हवं असतं. दोन्ही खरं. घरी बसून खेळणाऱ्याला अपडेट देत राहा की. स्पर्धेसाठी वेगळी, कुलूपबंद आवृत्ती ठेवा. लीग ऑफ लेजंड्स या दुसऱ्या एका गेमची जागतिक स्पर्धा आधी जाहीर केलेल्या एकाच आवृत्तीवर खेळवतात, तेव्हा हे अशक्य नाही. गेम अडकून पडावा अशी ढोबळ चूक निघालीच तर दुरुस्ती आयोजकाच्या लेखी संमतीनं, आणि काय बदललं ते आकड्यांसकट जाहीर करून. 'बचाव अधिक संतुलित केला' असली गोलमाल भाषा नको. किती टक्के, कुठल्या स्थितीत, ते सांगा. ईए काही बदल छापतेही, पण एखाद्या संघानं त्यावर दाद मागायची तर ती कुणाकडे, हे कुणालाच ठाऊक नसतं. कंपनीच्या पगारावर नसलेलं एक पंचमंडळ त्यासाठी हवं. ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात ई-स्पोर्ट्सची नोंदणी करायला एक प्राधिकरण सांगितलेलं आहे. खेळ नोंदवताना ही अट लिहून घेणं हे त्याच प्राधिकरणाचं काम, वेगळी यंत्रणा उभारायची गरज नाही.

कोनामी या जपानी आणि ईए या अमेरिकी कंपनीला भारतानं अट घालणं हे जरा टिटवीनं समुद्र आटवण्यासारखं वाटेल, कबूल. एकट्यानं नाहीच जमायचं. पण आशियाई स्पर्धेत कुठला गेम घ्यायचा हे आशियाई ऑलिंपिक परिषद ठरवते, आणि त्या यादीत आपलं नाव असावं म्हणून कंपन्या धडपडतात. पदकाची यादी हीच इथली वेसण आहे. ती हातात असताना आपण फक्त खेळाडू पाठवायचे आणि परत आल्यावर हार घालायचे, तर मग मान्यता दिली कशाला? कबड्डीचं मैदान किती मीटरचं हे ठरवायला आपण कुणाला खासगी कंपनीकडे पाठवलं नव्हतं.

काही जण म्हणतील, मैदानाचा मालक कंपनी असली तर बिघडलं काय, पोरांना मजा येते ना. मजेचं कुणी काढून घेत नाही. मजेला सरकारी शिक्का लागत नाही, तालुका क्रीडा संकुलात खोली लागत नाही, खेळाडू कोट्यातली नोकरीही लागत नाही. ते सगळं मागायचं असेल तर शाहू स्टेडियमवर जे हक्कानं मिळतं ते इथंही मिळायला हवं: पाऊस पडला तर दोघांवर, चिखल झाला तर दोघांना, आणि गेल्या सामन्यातून जो काही धडा घेतला तो पुढच्या सामन्यात कामाला येणार याची खात्री.

परवाच्या शनिवारी पुन्हा त्या कॅफेत डोकावलो. सामना संध्याकाळी सहाचा, मी पाचलाच पोचलो होतो. भाचा आणि तो बावड्याचा पोरगा एकाच बाकड्यावर, एकाच संघाच्या बाजूला बसले होते. समोर विरुद्ध बाजूला कुणीच नाही, नुसता कॉम्प्युटर. एकजण चेंडू घेऊन गोलरेषेपाशी जात होता, थांबत होता, परत येत होता. दुसरा वहीत काहीतरी लिहून घेत होता. आज काय दोस्ती झाली का, मी विचारलं.

"कुठली दोस्ती," बावडेकर पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. "ही नऊ जणं आता कशी पळत्यात ते बघायलोय. ते कळल्याबिगर ह्याला हरवायचं कसं?"